सेडानला निरोप द्यायची घाई नको

महोदय,

गेल्या आठवड्यात आपल्या वाहनविषयक पानावर सेडान, म्हणजे मागे वेगळी डिकी असलेल्या बुटक्या गाड्यांचे दिवस भरले, असे सांगणारा लेख आला होता. गोव्यातल्या रस्त्यांना एसयूव्हीच, म्हणजे उंच गाडीच हवी, असा त्याचा सूर. लोक काय विकत घेतात हे लेखकाने बरोबर टिपले आहे. मारुतीची सियाझ ही सेडान २०२५ मध्ये बंद झाली, आणि कुठल्याही शोरूममध्ये शिरा, काचेजवळ उंच गाडीच उभी असते. पण रस्त्यांविषयीचा निष्कर्ष मला अजिबात पटला नाही, म्हणून हे पत्र.

मी डिचोलीत गॅरेज चालवतो. खाणी चालू होत्या तेव्हा खनिज वाहणाऱ्या टिपर ट्रकची कामे करायचो. २०१२ मध्ये खाणी थांबल्या तसा मोटारींकडे वळलो. दुरुस्ती हा माझा धंदा आणि गाडी चालवणे हा नाद. यंदा योग असा आला की फोक्सवॅगनच्या दोन गाड्या, भाच्याची व्हर्टस जीटी आणि वाळपईच्या एका डॉक्टरांची टायगुन जीटी, एकाच दिवशी एकाच रस्त्यावर आलटूनपालटून चालवायला मिळाल्या. दोन्ही मॅन्युअल गिअरच्या. एक सेडान, दुसरी एसयूव्ही.

एरवी दोन गाड्यांची तुलना करायला बसलो की इंजिन वेगळे, गिअर वेगळे, सांगाडा वेगळा, असा घोळ होतो आणि शेवटी काही ठरत नाही. इथे तसे नाही. टायगुन सप्टेंबर २०२१ मध्ये आली, व्हर्टस जून २०२२ मध्ये. दोन्ही पुण्याजवळच्या चाकणला बनतात, एकाच प्लॅटफॉर्मवर, म्हणजे एकाच मूळ सांगाड्यावर. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर दोघींचे २,६५१ मिलिमीटर. इंजिन तेच, दीड लिटरचे चार सिलिंडरचे टर्बो पेट्रोल, १५० अश्वशक्तीचे आणि २५० न्यूटन-मीटर टॉर्कचे, म्हणजे ओढीचे. गिअर सहा. ब्रेक पुढे डिस्कचे, मागे ड्रमचे. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक चाचणीत मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी दोघींना पाच-पाच तारे. मग उरते काय? आकार आणि उंची. म्हणजे लेखात ज्यावरून वाद आहे तेवढेच.

आता उंचीचेच बोलू. माझ्याकडे येणारे दहातले आठ गिऱ्हाईक सेडान नको म्हणताना एकच कारण देतात, गाडी खाली लागेल. व्हर्टसचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे रस्ता आणि गाडीचे पोट यांतले अंतर, १७९ मिलिमीटर, टायगुनचा १८८. फरक नऊ मिलिमीटरचा. करंगळीच्या जाडीएवढाही नाही. उलट छतापर्यंतची उंची पाहा. व्हर्टस १,५०७, टायगुन १,६१२. म्हणजे रस्त्यापासून पोट उचलले गेले नऊ मिलिमीटरने आणि डोके वर गेले १०५ मिलिमीटरने. लोकांना वाटते आपण खड्ड्यापासून सुटका विकत घेतली; प्रत्यक्षात घेतलेली असते डोक्यावरची जागा आणि खुर्चीची उंची. त्याही उपयोगाच्या गोष्टी आहेत, त्यांच्याकडे पुढे येतो.

सेडान जिथे खरोखर लागते ती जागा पोट नव्हे, नाक आहे. व्हर्टस ४,५६१ मिलिमीटर लांब, टायगुन ४,२२१. चाकांतले अंतर सारखे असल्यामुळे जास्तीची सगळी लांबी चाकांच्या पुढे-मागे बाहेर आलेली आहे. डिचोलीत, मयेत अनेक घरांची आवारे रस्त्यापेक्षा बरीच वर किंवा खाली असतात, मधला उतार आखूड आणि ताठ. तिथे व्हर्टस सरळ घातली तर बंपरची खालची कड घासते. तिरकी घेतली, एकेक चाक चढवले, तर घासत नाही. भाच्याला हे शिकवले आणि प्रश्न मिटला. गावात कुणी काँक्रीटचा गतिरोधक घातला तर तो किती उंच होईल याला धरबंध नसतो हे मान्य, पण तिथे चार माणसांनी भरलेली टायगुनही जपूनच न्यावी लागते. आणि पावसात रस्त्यावर पाणी साचले असेल तर नऊ मिलिमीटरच्या भरवशावर कुणीही आत शिरू नये. भरलेल्या पाण्यात गाडी घालून इंजिनात पाणी घेतलेल्या उंच गाड्या मी स्वतः उघडल्या आहेत. वाकलेला कनेक्टिंग रॉड हातात दिला की मालकाचा चेहरा बघवत नाही.

गोव्यातून बेळगावकडे चढणाऱ्या चोर्ला घाटात मात्र दोघींमधला फरक लख्ख दिसला. केरी मागे पडली, अंजुण्याच्या धरणाचे पाणी खाली दिसू लागले की वळणे सुरू होतात, आणि त्यांना दम घ्यायची सवय नाही. एक डावे संपते न संपते तोच उजवे. व्हर्टस अशा जोडवळणात एकदा कलते आणि तिथेच थांबते. स्टिअरिंग जेवढे फिरवले तेवढेच नाक आत येते. आतल्या बाजूचे पुढचे चाक भार हलका झाल्यामुळे फिरू लागले तर गाडी स्वतःच त्या चाकाला किंचित ब्रेक लावते, ताकद बाहेरच्या चाकाला जाते, आणि चढावर वळताना गाडी बाहेर फेकली जाण्याऐवजी आत ओढली जाते. टायगुनमध्येही हीच यंत्रणा आहे आणि ती कामही चोख करते. पण वर डोके मोठे. डाव्या वळणातून उजव्यात जाताना आधी ते डोके सरळ व्हावे लागते, मग दुसरीकडे कलते. डोक्यावर भरलेली पाटी घेतलेली बाई वळणावर जशी क्षणभर थबकून तोल सावरते, तसा तो क्षण आहे. चालवणाऱ्याला तो स्टिअरिंगमध्ये जाणवतो, मागे बसलेल्याला पोटात. डॉक्टरांची मुलगी टायगुनमध्ये कणकुंबीपर्यंत गप्प गप्प झाली होती; येताना व्हर्टसच्या मागच्या सीटवर ती गप्पा मारत आली. वेग दोन्ही वेळा तोच होता, चालवणारा मीच होतो.

हा काही टायगुनचा दोष नव्हे. या आकाराच्या ज्या उंच गाड्या माझ्या हाताखालून गेल्या त्यांत तिच्याएवढी घाटात विश्वासाने धावणारी मला दुसरी आठवत नाही. भौतिकशास्त्रच तसे आहे. वजन जेवढे वर, तेवढा वळणात बाहेरच्या चाकांवर भार जास्त सरकतो. कंपन्या तो आवरायला स्प्रिंग कडक करतात, मग खराब रस्त्यावर गाडी उडते. सेडानला हे सगळे कमी करावे लागते. रंबल स्ट्रिपवरून, ज्यांचा आपल्याकडे सुकाळ आहे, व्हर्टस एक घट्ट 'धडधड' करून पार होते. टायगुनमध्ये तीच धडधड मानेपर्यंत येते.

इंजिनाविषयी मी तासभर बोलू शकेन, इथे आवरतो. पूर्ण टॉर्क मिनिटाला १,६०० फेऱ्यांपासून मिळतो आणि ३,५०० पर्यंत टिकतो, त्यामुळे घाटात पुढे मालाचा ट्रक रेंगाळत असला तरी तिसऱ्या गिअरमध्ये संधी येईपर्यंत शांत राहता येते. संधी आली की उगाच गिअर पाडायची धांदल नाही. आणि एक गोष्ट प्रत्येकाने जवळून पाहावी. पणजीच्या अटल सेतूवर दुचाकींना बंदी आहे, रहदारी एका लयीत चालते. तिथे पाय हलका ठेवून सरळ चाललात की समोरच्या पडद्यावर दोन सिलिंडर चालू असल्याची नोंद येते. मधली दोन सिलिंडर झडपा मिटून गप्प बसलेली असतात, पेट्रोल फक्त कडेच्या दोघांना. कान लावून बसलो तरी बदल होतानाचा क्षण मला पकडता आला नाही. पायाने किंचित जास्त मागितले की नोंद जाते, चारही कामाला लागतात. ज्या माणसाने टिपरच्या इंजिनांचे हेड वर्षानुवर्षे उतरवले त्याला हे पाहून किती आनंद झाला असेल, याची कल्पना करा.

आणि हो, मॅन्युअल गिअर. सात गिअरची डीएसजी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारी पेटी, या इंजिनाबरोबर मिळते आणि पणजीच्या गर्दीत ती सुखाची आहे. पण दीड लिटरच्या व्हर्टसमध्ये मॅन्युअल सुरुवातीला नव्हताच, २०२३ मध्ये आला, आणि तो आणल्याबद्दल कंपनीचे मनापासून आभार. घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये गाडी इंजिनावर धरली की ब्रेक थंड राहतात, हे आम्ही भरलेल्या टिपरवर शिकलो. आजच्या पोरांना क्लच आणि गिअरची ही भाषा शिकायची असेल तर ती अशाच गाड्यांवर शिकता येईल. माझे एकच मागणे राहिले. एवढ्या ताकदीच्या गाडीला मागेही डिस्क हवेत. मी चालवलेल्या दोन्ही गाड्यांत ब्रेक कुठे कमी पडले नाहीत, पण चोर्ला किंवा अनमोड सलग उतरायचा तर मागची डिस्क हवीच असे माझे मत आहे.

याच घराण्यातली स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा भारतात आली, २६५ अश्वशक्तीची. पण बाहेरून तयार आलेल्या फक्त १०० गाड्या, आणि किंमत ५० लाखांच्या घरात. ती माझ्यासारख्यांनी चित्रातच पाहायची. म्हणूनच पगारदार माणसाच्या आवाक्यात राहिलेली, घरच्यांना घेऊन जाता येईल अशी आणि तरीही वळणावर जीव लावणारी सेडान बाजारात टिकणे मला फार महत्त्वाचे वाटते.

आता टायगुनची बाजू, कारण ती खरी आहे. माझी आई ऐंशीच्या पुढची. व्हर्टसमध्ये बसताना तिला खाली वाकून गुडघे मुडपून घ्यावे लागतात, उतरताना हात द्यावा लागतो. टायगुनच्या सीटवर ती नुसती टेकते आणि पाय आत घेते. घरात वयस्क माणूस रोज गाडीतून जाणार असेल तर बाकी चर्चा बंद, उंच गाडी घ्या. गडग्यांच्या मधून जाणाऱ्या गावच्या रस्त्यांवर दोन बोटे वर बसल्यामुळे समोरून येणारी बस आधी दिसते, हेही मी अनुभवले. चवथीचे गणित मजेदार आहे. व्हर्टसची डिकी ५२१ लिटरची, टायगुनची ३८५. गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधतात तिचे सगळे सामान, नारळ, केळीचे घड आणि पाहुण्यांच्या बॅगा व्हर्टस सहज गिळते. पण चित्रशाळेतून मूर्ती आणायची तर ती आडवी ठेवता येत नाही. टायगुनची मागची सीट पाडली की बाप्पा ताठ बसून घरी येतो. आमच्याकडे यंदा मूर्ती टायगुनमधून येईल, सामान व्हर्टसमधून.

पण हे ज्याचे त्याने पारखून ठरवावे, आणि पारखायची सोयच लोकांना मिळत नाही. भाचा एका शोरूममध्ये सेडान बघायला गेला तेव्हा विक्रेत्याने गाडीची चावी आणण्याआधीच "आपल्या रस्त्यांना ती चालणार नाही" असे सांगून टाकले. ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा विचारला तर त्याला ठाऊक नव्हता. चाचणीसाठी गाडी दिली ती रुंद, सरळ महामार्गावर, परत यायला यू-टर्न. अशा रस्त्यावर सगळ्याच गाड्या चांगल्या वाटतात, आणि उंच गाडी जास्तच. गाडी घेणाऱ्याने हट्ट धरावा की घरच्या माणसांना मागे बसवून, आपल्या नेहमीच्या वळणांच्या आणि गतिरोधकांच्या रस्त्यावर चाचणी हवी. पणजीतल्याने आल्तिनोचा चढ घ्यावा, काणकोणकडच्याने करमळचा घाट.

आपल्या वाहनविषयक पानाकडूनही माझी हीच अपेक्षा आहे. कंपनीच्या पत्रकात सनरूफ किती मोठे आणि पडदा किती इंचांचा हे छापून येतेच. ते पुन्हा मराठीत छापण्यापेक्षा गाडी गोव्याच्या रस्त्यावर चालवून लिहा. भरलेली गाडी किती खाली बसते, ओल्या रस्त्यावर टायर कसा धरतो, मागच्या सीटवर घाटात कसे वाटते, उतारावर ब्रेक किती तापतात, हे लिहा. आपला वाचक वर्षानुवर्षे हप्ते भरून एक गाडी घेतो.

भाचा आणि डॉक्टर दोघांनीही गाड्या द्यायची तयारी दाखवली आहे. आपल्या प्रतिनिधीला पाठवा, शक्यतो पाऊस चालू असतानाच. सकाळी लवकर निघून साखळी-केरीमार्गे चोर्ल्याला जाऊ, कणकुंबीला चहा घेऊ आणि येताना गाड्या बदलू. टायरची हवा मी आदल्या रात्री तपासून ठेवतो.

आपला नियमित वाचक,
डिचोली, गोवा