रेडिओ ऑफिसर काकांना, नील यंगच्या पडत्या वर्षांबद्दल

आदरणीय काका,
शि. सा. न. वि. वि.

समोर आलो की तुम्ही आभार मानू देत नाही. ‘चाय घेतलंस काय?’ म्हणता आणि विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितो आहे.

मी धंद्याने माईकवाला. कार्तिकापासून दशावताराच्या जत्रा, मग लग्नं, आणि पाऊस लागला की सगळं सामान ताडपत्रीखाली. त्या रिकाम्या दिवसांत तुम्ही तुमची पत्र्याची ट्रंक माझ्यापुढे उघडलीत. बोटीवर असताना रॉटरडॅम, सिंगापूर करत गोळा केलेल्या कॅसेटी. वेंगुर्ल्यात इंग्रजी गाणी ऐकणारी आम्ही चार टाळकी. आमचा नील यंग, म्हणजे कॅनडातला तो रॉक गायक, एवढाच: १९७२ची रेकॉर्ड ‘हार्वेस्ट’, फार तर १९७९ची ‘रस्ट नेव्हर स्लीप्स’. तिथून थेट १९८९च्या ‘फ्रीडम’वर उडी. मधल्या काळात बुवा वाया गेला होता, असं सगळीकडे छापून आलेलं, त्यामुळे तिकडे कोणी फिरकायचं नाही. तुमच्या ट्रंकेत नेमका तोच मधला काळ होता.

आधी त्या कॅसेटी वाजण्याजोग्या करायच्या होत्या. आपल्याकडच्या दमट हवेत टेपच्या कडेला पांढरी बुरशी धरते. एकीचा तर टेप दाबून धरणारा फेल्टचा तुकडाच निखळून खाली पडला होता. तुम्ही चष्मा कपाळावर ढकलून चिमट्याने तो उचललात, गोंदाचा ठिपका लावून परत बसवलात. मग प्रत्येक कॅसेट आधी नुसती पुढे-मागे पळवायची, टेप वाचणाऱ्या हेडवरून स्पिरिटचा बोळा फिरवायचा आणि मगच प्ले दाबायचं. एवढी निगा मी माझ्या मिक्सरचीसुद्धा राखत नाही.

पहिली लावलीत १९८२ची ‘ट्रान्स’. नील यंगच्या नावाखाली हा कोण यंत्रमानव गातोय, असं माझ्या तोंडावर आलंच होतं. तुम्ही म्हणालात, “आधी आयक, मगे बोल.” ऐकून झाल्यावर कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर पेन्सिलने व्होकोडर काढून दाखवलात. गाणाऱ्याचा आवाज खर्जापासून वरपर्यंत पट्ट्यांमध्ये तोडायचा, प्रत्येक पट्टी किती जोरात आहे ते मोजायचं आणि त्या मापाने कीबोर्डचा सूर कमी-जास्त करायचा. शब्दांचा आकार माणसाचा राहतो, आवाज यंत्राचा होतो. मला हे लगेच कळलं, धंदाच तो आहे. पण एवढा उत्तम गळा असलेला माणूस तो यंत्रात का घालेल, हे कळेना.

तेव्हा तुम्ही बेनचं सांगितलंत. यंगचा १९७८ साली जन्मलेला मुलगा, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा न राहणं), बोलता येत नाही. यंग आणि त्याची बायको पेगी त्याच्याकडून रोज तासन् तास व्यायाम करून घेत होते. ‘ट्रान्सफॉर्मर मॅन’ हे गाणं त्या पोराचं. ऐकणाऱ्याला शब्द नीट लागत नाहीत, आणि मुलाचं बोलणं आपल्यालाही तसंच लागत नाही, असं यंगने पुढे सांगितलं. रेकॉर्ड आली तेव्हा मात्र लोकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी ते नव्या मशिनींचं खूळ समजून टाकून दिलं.

तुमचा जन्म कानाला हेडफोन लावून समुद्रावरची खरखर ऐकण्यात गेला. १९९९पर्यंत टिंबं-रेघांचं मोर्स बंद झालं आणि बोटीवरची तुमची जागाही गेली. “खरखर आसली तरी पलीकडे माणूस आसता,” हे तुम्ही सहज बोलून गेलात. मी त्यानंतर ती बाजू पुन्हा लावली.

१९९३च्या ‘अनप्लग्ड’ रेकॉर्डमध्ये यंगने ‘ट्रान्सफॉर्मर मॅन’ यंत्राशिवाय म्हटलं, तेही तुम्ही ऐकवलंत. गोड आहे, कोणालाही आवडेल. पण मला जुनंच खरं वाटतं. सगळे शब्द स्वच्छ ऐकू आले की त्या बापाची अडचणच गाण्यातून निघून जाते.

गेफेन या रेकॉर्ड कंपनीने आधी हवं ते कर म्हणून यंगशी करार केला आणि १९८३मध्ये त्याच्यावरच ३३ लाख डॉलरचा दावा ठोकला. तक्रार काय, तर याच्या रेकॉर्डी याच्यासारख्या नाहीत! (आमच्याकडे दशावतारातल्या संकासुराने नवी लकब काढली तर लोक फार तर शिट्ट्या मारतील, कोर्टात जाणार नाहीत.) पुढे दावा मागे घेतला गेला. दाव्याआधी कंट्री (अमेरिकी ग्रामीण ढंगाच्या) गाण्यांची रेकॉर्ड नाकारून कंपनीने रॉक अँड रोल मागितलं होतं, तर पठ्ठ्याने १९५०च्या दशकाच्या ढंगातलं, जेमतेम २५ मिनिटांचं ‘एव्हरीबडीज रॉकिंग’ दिलं. तुम्ही यावर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसता. मला हसू येत नाही. जिरवली कंपनीची, पण पैसे गेले ऐकणाऱ्याच्या खिशातून.

१९८५चं ‘ओल्ड वेज’ अधूनमधून बरं. १९८६चं ‘लँडिंग ऑन वॉटर’ मात्र काही केल्या माझ्या पचनी पडत नाही. ड्रम इतका पुढे काढलाय की गाणारा मांडवाबाहेर उभा राहून ओरडतोय असं वाटतं. माझ्या पोराने जत्रेत असं मिक्सिंग केलं असतं तर मी त्याला मशीनवरून उठवला असता. त्याच साली पेगीने इतरांसोबत बोलू न शकणाऱ्या मुलांसाठी ब्रिज स्कूल काढलं, आणि त्या शाळेसाठीच्या मैफली २०१६पर्यंत चालल्या. हे कळल्यावर माणसाबद्दल आदर वाढला, रेकॉर्डबद्दल काडीचाही नाही. तुम्हीही तेव्हा “वायट ता वायटच” म्हणालात, आणि तुमचे सर्वांत जास्त आभार मला त्याचेच मानायचे आहेत. दुसऱ्या कोणी घरच्या दुःखाचा हवाला देऊन पाचही रेकॉर्डी माझ्या गळी उतरवल्या असत्या. तुम्ही एकेक ऐकायला लावलीत आणि मत माझं मला बनवू दिलंत.

१९८७च्या ‘लाइफ’ची दुसरी बाजू अजून ऐकायची आहे. जत्रा आटोपल्या की ट्रंक घेऊन येतो, काकींना सांगून ठेवा. ‘एव्हरीबडीज रॉकिंग’वरचं आपलं भांडण बाकी आहे, आणि या वेळी मी तयारीनिशी येतोय.

आपला,
माईकवाला