आमचं माणूस

चि. मीनू,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. 'पोचले. ठीक.' बाबांनी तो दिवसभर येता-जाता वाचून दाखवला. दोन शब्दांत वाचण्यासारखं असतं तरी किती! हॉस्पिटलला तळघर आहे का, हे मी विचारलं होतं, त्याचं उत्तर त्यात नव्हतं. असो. ते विचारायला हे पत्र नाही.

निघायच्या आदल्या रात्री तू म्हणालीस, "आई, जन्मभर मुद्रितं तपासलीस, आणि माणुसकीचा अर्थ मी तुला सांगायचा?" लागलं मला ते. पण एकदा शब्द डोक्यात शिरला की तो काही मला सोडत नाही, हे तुला माहीत आहे. तेव्हा ऐक.

मानवता आणि माणुसकी एकच, असं कोशात सापडेल. मला ते पटत नाही. मानवता मी ठरावांत, अग्रलेखांत आणि श्रद्धांजलीच्या मजकुरात तपासली. इस्त्रीचा शब्द आहे तो. माणुसकी मात्र भांडणात ऐकू येते, आणि बहुतेकदा ती नसते तेव्हाच. 'काही माणुसकी आहे की नाही?' असं आपण ओरडतो. मानवतेच्या नावानं असं तावातावानं ओरडलेलं मी अजून ऐकलेलं नाही. मनुष्याची तर तऱ्हाच निराळी. मनुष्यबळ, मनुष्यतास, मनुष्यवध, मनुष्यहानी. मोजायचं असलं किंवा कुणी मेलं असलं की मनुष्य येतो. तुझ्या बाबतीत तो शब्द मला कुठेही छापलेला नको आहे.

पुन्हा तिथेच आले.

जेवताना तू मला गप्प करायला रेड क्रॉसवाल्या आंरी द्यूनांची गोष्ट सांगितलीस. 24 जून 1859, इटलीतली सोल्फेरिनोची लढाई. नेपोलियन तिसरा याला धंद्याच्या कामासाठी भेटायला निघालेला हा स्विस माणूस जवळच्या गावात हजारो जखमींमध्ये सापडला, कामधाम विसरून पाणी देत, जखमा धुवत राहिला, आणि गावातल्या बायका शत्रूच्या सैनिकांनाही 'सगळे भाऊच' म्हणत मलमपट्टी करत होत्या. गोष्ट खरी आहे, मी नंतर वाचून काढली. पण तू एक गाळलंस. द्यूनां जखमींची सेवा करत होता तेव्हा लढाई संपलेली होती. तू गेलीस तिथली संपलेली नाही. 1864च्या जिनिव्हा करारापासून इस्पितळं आणि रुग्णवाहिका तटस्थ मानायच्या आहेत. कागदावर. मी बातम्या बघते, मीनू. म्हणून तळघराचं विचारते.

तुझ्या त्या गोष्टीपेक्षा मला आपल्या देशाच्या प्रतिनिधी हंसाबाई मेहता जवळच्या वाटतात. संयुक्त राष्ट्रांत 1948च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा चालू होता, तेव्हा पहिल्याच कलमात इंग्रजीत असा शब्द होता की त्याचा अर्थ 'पुरुष' असाही निघावा. बाईंनी हट्ट धरला आणि तिथे निखळ 'माणसं' असा अर्थ देणारे शब्द आले. एका शब्दाची दुरुस्ती! आम्हा मुद्रितशोधकांना असं एखादं भाग्य लाभलं तरी पुरे.

तू तिथे नोंदवहीत 'अनोळखी, पुरुष, वय अंदाजे' असं लिहीत असशील. जमेल तेव्हा नाव विचारत जा. शुद्धीवर नसेल तर सोबत्यांना विचार. आणि जखमी कुठल्या बाजूचा हे मनातसुद्धा आणू नकोस. आणि दुसऱ्याची काळजी घेणाऱ्यानं आधी स्वतः झोपायला हवं, थकलेल्या हातानं... झालं माझं भाषण सुरू. जाऊ दे. तू इतकी माणसं हाताखालून घातलीस, तुला मी काय सांगायचं? माफ कर.

आणि नाव विचारायला तुला शिकवायची गरजच नाही. नाना शेवटी कुणालाच ओळखेनासे झाले होते. तू शाळेतून आलीस की त्यांची नखं कापायचीस. नखाखाली स्वतःचं बोट धरायचीस, म्हणजे लागलं तर आधी तुला लागेल. कापलेलं एकेक नख रुमालावर ठेवायचीस आणि शाळेत काय झालं ते त्यांना सांगायचीस, ते ऐकत असल्यासारखं. डॉक्टर आले आणि पायथ्याशी उभं राहून म्हणाले, "सात नंबरला आज काय दिलं?" तू मान वर न करता म्हणालीस, "त्यांचं नाव आहे." मी तुला गप्प केलं होतं, डॉक्टरांसमोर. रात्री बाबांना सांगताना मात्र माझा आवाज चढला होता, आणि तो रागानं नव्हता.

आपल्याकडे माणूस हा शब्द पुल्लिंगी, पण म्हातारं माणूस, एकटं माणूस, घरचं माणूस म्हणताना तो आपसूक नपुंसकलिंगी होतो. जीव अडकला की व्याकरण मऊ पडतं, असं मला वाटतं. कुणी विचारलं की मीही तसंच सांगते, "आमचं एक माणूस तिकडे आहे." ताठ मानेनं सांगते. मग घरात येऊन बातम्या लावते, आणि बाबा बंद करतात.

मावशी तुझ्यावर रागावलेली नाही. तुला जाऊ दिलं म्हणून माझ्यावर रागावली आहे. तिला दोन ओळी लिही, पण माझं नाव काढू नकोस. दादाला तुझ्या बँकेच्या कागदांवर सही हवी आहे. निळ्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात चष्म्याची दुसरी जोडी ठेवली आहे, ती तुला सापडली का? आणि तळघराचं 'हो' किंवा 'नाही' एवढंच कळव. 'ठीक' नको.

तुझी,
आई