वहीतली शून्यं

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

आईने बीपीच्या वहीचे फोटो पाठवले ते पाहिले. समास आखलेला, तारखा लाल शाईत, खाडाखोड नाही. पण बाबा, पानभर नुसतं १३०/८०, १२०/८०, परत १३०/८०. एकही आकडा तीनावर किंवा सातावर संपत नाही. मशीन डिजिटल आहे, ते १३७ दाखवेल, १२४ दाखवेल. रोज शून्यावर येऊन थांबायला त्याला काय पडलंय? वर आई सांगते की पहिला आकडा आवडला नाही तर तुम्ही पुन्हा पुन्हा पट्टा बांधता आणि सगळ्यांत कमी येईल तो उतरवून घेता. आयुष्यभर लोकांचे जमाखर्च तपासलेत. एखाद्या कारकुनाने असं केलं असतं तर त्याला घरी जाऊ दिलं असतंत?

हा रोग आमच्याकडेही आहे, म्हणून लगेच ओळखला. वॉर्डातले चार्ट चाळा, ओळीने सगळ्या पेशंटचा श्वास मिनिटाला २०. म्हणजे कुणी मोजलेलाच नसतो. बाकीचं यंत्र सांगतं, श्वासासाठी मात्र घड्याळ समोर धरून बसावं लागतं, तिथेच हात आखडतो. आणि न्यूमोनियासारखं काही सुरू झालं की बऱ्याचदा आधी वाढतो तो श्वासच. (पाऱ्याच्या यंत्रावर दोन-दोनच्या रेघा असायच्या. त्यामुळे शिकताना विषम आकडा लिहिला की सिस्टर विचारायच्या, हा कुठून आणलास? तुमच्या मशीनला तो नियम लागू नाही.)

पुढचा परिच्छेद फक्त आईसाठी. बाबा, तुम्ही तो गाळा.

आई, बाबा पेपर वाचत बसले असतील तेव्हा त्यांच्या छाती-पोटाकडे बघून पूर्ण एक मिनिट मोज. वर गेलं, खाली आलं, एक झाला. त्यांना सांगायचं नाही. मोजतंय म्हटलं की माणसाचा श्वास बदलतो. आम्ही नाडी धरल्याचं नाटक करतो आणि छातीकडे बघतो. शांत बसलेल्या मोठ्या माणसाचे १२ ते २० असतात. पंचविशीच्या आसपास जायला लागले तर वाट बघत बसू नकोस, डॉक्टरांना फोन कर. नाडी बघताना तुझा अंगठा लावू नकोस, अंगठ्यात स्वतःचे ठोके लागतात. दोन बोटं ठेव. ठोके चुकत असतील तर तेही पूर्ण मिनिट मोज आणि ‘अनियमित’ असं लिही. अशा वेळी बीपीचं मशीनही फसू शकतं.

आता बाबा. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून-उतरून यायचं, चहा घ्यायचा आणि लगेच पट्टा बांधायचा, हा तुमचा क्रम उलटा आहे. चहा किंवा चालणं झालं की अर्धा तास जाऊ द्या. त्यापेक्षा सकाळी लघवीला जाऊन आलात की पर्वती, चहा आणि गोळी यांच्या आधीच उरकून टाका. पाठ टेकता येईल अशा खुर्चीत पाच मिनिटं गप्प बसा. मांडी नाही, पाय जमिनीवर. हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीला आणि उघड्या दंडावर; थंडीत स्वेटरवरून बांधता, ते बंद. मधे बोलायचं नाही, सोसायटीच्या पार्किंगबद्दल तर अजिबात नाही. एक मिनिट सोडून दुसऱ्यांदा घ्या आणि दोन्ही आकडे जसे दिसले तसे लिहा. संध्याकाळी पुन्हा तसंच. डॉक्टर एका आकड्यावर काही ठरवणार नाहीत. आठवडाभराची सरासरी काढतील, आणि ती घरी १३५/८५च्या आत असेल तर बहुधा खूश होतील.

मला खरी काळजी आहे ती घेरीची. आई म्हणते, सकाळी पलंगावरून उठल्यावर तुम्ही कपाट धरता. वहीत याबद्दल एक अक्षर नाही! पाच मिनिटं पडून राहून एकदा बीपी घ्या, मग उभे राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. आईला शेजारी उभं करा, गरगरलं तर लगेच बसा. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा खालचा १०ने उतरत असेल तर ते डॉक्टरांना कळायलाच हवं. नाहीतर पर्वतीनंतरचे चढे आकडे बघून ते गोळी वाढवतील आणि तुम्ही बाथरूममध्ये पडाल. तुमच्या मनाने गोळी कमी मात्र करू नका.

ताप काखेत घेतलात तर ‘काखेत’ असं लिहा, तिथे साधारण एक अंश फॅरनहाइट कमी येतो. ऑक्सिजनचं यंत्र गार बोटाला लावू नका, आधी हात चोळा आणि आकडा स्थिरावू द्या.

बीपी १८०/१२०च्या वर दिसलं तर शांत बसून पाच मिनिटांनी पुन्हा बघा. दुसऱ्यांदाही तेवढंच आलं तर डॉक्टरांना लगेच फोन. मात्र छातीत दुखत असेल, धाप लागली असेल, बोलणं अडखळत असेल किंवा हातपाय लुळा पडला असेल तर पुन्हा बघण्यात वेळ घालवू नका, सरळ १०८ला फोन करा.

पुढच्या तपासणीला वही आणि मशीन दोन्ही न्या, दवाखान्यातल्या यंत्राशी ताडून बघता येईल.

आणि आई, वहीत तुझं एकही पान नाही. शिवणाच्या टेपने तुझ्या दंडाचा घेर मोज आणि पट्ट्यावर छापलेल्या सेंटिमीटरमध्ये बसतो का ते बघ. पट्टा लहान पडला तर बीपी उगाच जास्त दिसतं. बसत नसेल तर कळव, मोठा पट्टा इथून नागपूरहून पाठवतो.

तुमचा,
मंदार