फोटोखाली सगळ्यांची नावं, डबेवाल्यांची का नाहीत?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतलं नेतृत्वाच्या धड्यांचं पान वाचलं, काल दिवसभर ते डोक्यातनं जाईना म्हणून आज लिहायला बसले. सगळंच पान वाईट होतं असं मी म्हणणार नाही. श्रीधरन साहेबांचा कोकण रेल्वेवाला मजकूर चांगला होता. रहाणेबद्दल लिहिलंय ते तर मी मुलाला वाचून दाखवलं, मेलबर्नला ११२ वर खेळत होता, जडेजा ४९ वर, त्याच्या त्या एका रनपायी हा रनआऊट झाला आणि चिडायचं सोडून त्यालाच धीर देऊन गेला. ते आम्ही टीव्हीवर बघितलंय, खरंय ते.

पण त्याच पानावर खाली डबेवाल्यांची चौकट आहे. बाकी सगळ्यांच्या फोटोखाली नाव, हुद्दा, कुठे काम करतात ते सगळं, आणि चार डबेवाले उभे आहेत त्यांच्या फोटोखाली फक्त 'मुंबईचे डबेवाले'. त्या चार माणसांना नावं नाहीत का हो? तुमच्या फोटोग्राफरने फोटो काढताना विचारायला किती वेळ लागला असता?

माझे वडील, आमचे तात्या, अंधेरीच्या लाईनवर डबेवाल्यांच्या ग्रुपचे मुकादम होते म्हणून मला हे जास्त लागलं. आता ते नाहीत.

चौकटीत 'सिक्स सिग्मा सर्टिफिकेट मिळवणारे' (म्हणजे कामात जवळजवळ चूकच होत नाही याचं सर्टिफिकेट) असं छापलंय तेही चूक आहे. १९९८ मध्ये फोर्ब्समध्ये डबेवाल्यांवर लेख आला होता, तिथनं ही गोष्ट पसरली आणि तेव्हापासून जो तो तेच लिहितो. असं सर्टिफिकेट कुणी कधी दिलेलं नाही. आणि १८९० पासून हे काम चालू आहे, त्याला सर्टिफिकेटची गरजही नाही. पण तुमच्यासारख्या पेपरने एक फोन करून खात्री करायला हवी होती.

सगळ्यात राग कशाचा आला सांगू, चौकटभर 'सिस्टीम' 'सिस्टीम' केलंय. झाकणावरच्या खुणा, रंग, आकडे, लोकलचं टायमिंग. आणि ती सिस्टीम चालवतो कोण? मुकादम हा शब्द अख्ख्या चौकटीत एकदाही नाही! नेतृत्वावरचं पान आहे ना हे?

मुकादम म्हणजे खुर्चीवरचा साहेब नव्हे. आमच्या तात्यांच्या ग्रुपमध्ये बावीस माणसं होती, महिनाअखेरीस खर्च जाऊन उरलेले पैसे बावीस जणांत सारखे वाटले जायचे, तात्यांनाही तेवढेच. कोण आजारी पडला, कुणाच्या घरी गावाला मयत झाली की त्याची लाईन, म्हणजे त्याच्या वाट्याचे डबे पोचवायचं काम, तात्या स्वतः मारायचे. साठीला आल्यावरसुद्धा डोक्यावर क्रेट घेऊन चर्चगेटला उतरायचे.

एक प्रसंग सांगते. मावळातनं एक नवीन पोरगा आला होता, सतरा-अठरा वर्षांचा असेल. त्याने झाकणावरचा ३ हा ८ वाचला, रंग उडाला होता खूण रंगवायला झाली होती, आणि एका जैन गिऱ्हाइकाच्या टेबलावर दुसऱ्याचा सुक्या बोंबलाचा डबा गेला. त्या माणसाने ऑफिसात खूप आरडाओरडा केला. दुपारी तात्या फोर्टला जाऊन त्यांच्यासमोर उभे राहिले आणि सगळं ऐकून घेतलं. संध्याकाळी परत पार्ल्याला त्यांच्या घरी गेले, त्यांच्या आईची माफी मागितली आणि त्या महिन्याचे पैसे घेतले नाहीत, ते स्वतःच्या वाट्यातनं भरले. कुणाची चूक म्हणून त्यांनी विचारलं तर तात्या म्हणाले, माझी, खूण मी तपासायला हवी होती. ग्रुपमध्ये त्या पोराचं नाव त्यांनी कधी काढलं नाही. त्या रात्री आमच्या खोलीत स्टोव्हशेजारी बसून ब्रश आणि ऑइलपेंट घेऊन चाळीसेक झाकणं त्यांनी परत रंगवली, मी कंदील धरला होता कारण लाईट गेलेली. पुढचे आठ दिवस सकाळी डबे लावताना त्या पोराच्या शेजारी उभे राहून एकेक खूण त्याच्याकडनं मोठ्याने वाचून घेतली. तो पोरगा पुढे स्वतः मुकादम झाला.

आता हे कुठे छापून येत नाही कारण कुणी विचारतच नाही. २००३ मध्ये प्रिन्स चार्ल्स येऊन गेले त्यानंतर कंपन्यांची बोलावणी यायला लागली. एका मोठ्या कंपनीने तात्यांना हॉटेलात कार्यक्रमाला बोलावलं, विषय लीडरशिपच. त्या दिवशी त्यांची लाईन दुसऱ्याला डबल मारावी लागली. तात्यांनी आदल्या रात्री काय बोलायचं ते माझ्याकडनं वहीत लिहून घेतलं होतं, टोपीला इस्त्री करून घेतली होती. तिथे सूटातल्या एका माणसाने तासभर डबेवाल्यांवर भाषण दिलं, तात्यांना स्टेजवर रिकामा क्रेट डोक्यावर घेऊन उभं केलं, फोटो काढले, शाल-नारळ दिला, झालं. वही खिशातनं निघालीच नाही. घरी येऊन म्हणाले, जेवण चांगलं होतं. एवढंच. मला त्यांचा तो चेहरा अजून दिसतो, आणि रविवारी तुमची चौकट बघून परत दिसला.

लॉकडाऊनमध्ये लोकल बंद झाल्या तेव्हा कितीतरी जण गावी गेले, त्यातले बरेच परत आलेच नाहीत. त्या दिवसांत मुकादमांनी माणसं कशी सांभाळली, कुणाचं भाडं कुणी भरलं, जुनी गिऱ्हाइकं परत कशी जोडली, हे विचारा की. विषय तुमचाच आहे.

माझी विनंती आहे की त्या चौघांची नावं पुढच्या रविवारी छापा. आणि वार्ताहर पाठवणार असाल तर सकाळी दहाच्या सुमाराला पाठवू नका, तेव्हा स्टेशनबाहेर डबे लावायचं काम असतं, कुणाला मान वर करायला वेळ नसतो. संध्याकाळी रिकामे डबे पोचवून झाल्यावर या, तेव्हा बोलतील.

आपली,
एका मुकादमाची मुलगी, अंधेरी

ता. क. पुरवणीत हल्ली निळ्या पट्ट्यावर पांढऱ्या बारीक अक्षरात मजकूर छापता तो चष्मा लावूनही वाचता येत नाही. डबेवाल्यांची चौकट तशीच होती. कृपया साध्या पांढऱ्या कागदावर काळ्या अक्षरात छापा.