शिक्षणमंत्री साहेब, एक ट्रेनिंग हिप्परग्याच्या तळ्यावर पण ठेवा की

मा. शालेय शिक्षणमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी सोलापूरजवळच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. दहावीच्या भूगोलाचा पहिलाच धडा क्षेत्रभेटीचा आहे आणि बहुतेक शाळांत तो बाकावर बसूनच होतो, माझ्यापण व्हायचा, खोटं कशाला बोला. पाणथळ जागा सांगा म्हटलं की पोरं लोणार म्हणतात, चिल्का म्हणतात. हिप्परग्याचं तळं शाळेतून गाडीवर वीस मिनिटं, पण ते कोणी म्हणत नाही, कारण आम्हा सरांनाच कधी तसं सुचलं नाही. म्हणून म्हणतो, आम्हा भूगोलाच्या सरांना नकाशे आणि वरून काढलेले फोटो वाचायला शिकवणारं एक ट्रेनिंग या तळ्यावरच ठेवा.

मागच्या वर्षी मी वर्गात मोबाईलवर कंबर तलावाचा सॅटेलाइट फोटो दाखवला आणि हिरव्या पट्ट्यावर बोट ठेवून म्हटलं, हे बघा ग्राउंड. मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, सर ग्राउंड नाय ओ ते, जलपर्णी आहे, माझे मामा तिथं मासे धरतात. सगळा वर्ग हसला. एम.ए. भूगोल होऊनसुद्धा मला फोटो वाचता येत नव्हता, कारण तो वाचायला मला कोणी शिकवलंच नव्हतं. नंतर कळलं की उपग्रहाच्या काही चित्रांत वनस्पती मुद्दाम लाल दाखवतात आणि स्वच्छ पाणी काळंनिळं, म्हणजे जलपर्णी पाण्यावर लालभडक उठून दिसते. आमचे एक सर ते बघून म्हणाले, लाल म्हणजे डेंजर झोन काय?

आमची ट्रेनिंगं होतात, नाही असं नाही. एका ट्रेनिंगला दिवसभर पीपीटी वाचून दाखवली, चहा बिस्कीट झालं, सह्या झाल्या, आलो घरी. नकाशा कोणाच्या हातात आलाच नाही.

मला काय पाहिजे ते सांगतो. सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीट, म्हणजे डोंगर, नद्या, रस्ते, गावं सगळं दाखवणारा सविस्तर नकाशा, ५०,०००ला एक या स्केलची, दोघांत एक द्या. त्यावर १ किलोमीटर म्हणजे २ सेंटीमीटर, म्हणजे एक हेक्टरचं, शंभर मीटर लांब-रुंद तळं फक्त २ मिलिमीटरचा ठिपका, आणि गावोगावची अशी छोटी तळी नकाशावर हरवतात ती इथंच. मग त्याच जागेचे गूगल अर्थवरचे जुने-नवे फोटो शेजारी ठेवायचे. काठावर उभं राहून तळं आकसलेलं कळत नाही, वरून बघितलं की भराव कुठून पुढं सरकला ते लगेच दिसतं. आणि स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणं मोजली, प्रॉपर्टी कार्डं दिली, चांगलं काम झालं. तसाच ड्रोन गावच्या तळ्यावरून एक फेरी मारून आणला तर तो फोटो शाळेच्या भिंतीवर लागेल. स्टिरिओस्कोप, म्हणजे दोन फोटो एकत्र बघून उंच-सखल दाखवणारं भिंगांचं यंत्र, मिळाला तर भारीच, एकमेकांवर साठेक टक्के येणारे दोन हवाई फोटो त्याखाली धरले की बांध उभा राहिलेला दिसतो, पोरं सोडणार नाहीत.

आणखी एक, हे जरा तुमच्या खात्याबाहेरचं आहे. पाणथळ जागा जपायच्या २०१७च्या नियमांत सिंचनासाठी बांधलेले तलाव धरलेलेच नाहीत. हिप्परग्याचं एकरुख तळं इंग्रजांनी १८७१ साली सिंचनासाठीच बांधलं, उजनी पण धरणच. म्हणजे कायद्यानं ही पाणथळ नाहीत, पण उजनीवर येणाऱ्या रोहित पक्ष्यांना हे कोण सांगणार? आणि नाशिकचं नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्यामुळंच झालेलं असून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. हा घोळ मास्तरांना माहीत असला तर ते वर्गात बोलतील तरी.

तारीख तुम्ही ठरवा, फक्त एप्रिल-मे नको. तेव्हा गाळाचा पट्टा मस्त उघडा पडतो हे खरं, पण सोलापूरचं ऊन तुम्हाला माहीतच असेल. जानेवारीत ठेवा, पक्षीपण असतात. डबे आम्ही घरून आणतो, तुम्ही नकाशांच्या कलर प्रिंट तेवढ्या पाठवा, ब्लॅक अँड व्हाइट झेरॉक्सवर पाणी आणि शेत सारखंच दिसतं.

आपला,
सोलापूरचा एक भूगोलाचा मास्तर