रविवारचा तारकशी वर्ग : काय आणायचं, काय नाही

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी ९ वाजता नेहमीच्या शेडमध्ये तारकशीचा, म्हणजे लाकडात चर (बारीक खाच) काढून त्यात धातूची तार ठोकून बसवण्याच्या कामाचा, दुसरा वर्ग आहे. लाईट असो-नसो, काम हातानंच आहे.

उत्तर प्रदेशातल्या मैनपुरीचे कारागीर शिसमात पितळी तार ठोकतात, आपणही शिसमाचीच फळी घेऊ. सातपुड्याचा साग आपल्या जवळचा खरा, पण भरड. चराच्या कडा तुटतात. नवशिक्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये. फळी पक्की वाळलेली हवी. ओल्या लाकडात बसवलेली तार आपल्या मे महिन्याच्या उन्हात वर येते.

मोटार रिवाइंडिंगवाल्याकडची तांब्याची तार चालेल, फक्त वरचं वार्निश उघड्यावर जाळून, घासून काढा. पितळी तार तापवून नरम करा, मग ऐरणीवर ठोकून तिची चपटी पट्टी करा. चर पट्टीच्या जाडीपेक्षा किंचित अरुंद काढायचा. पट्टी उभी ठोकायची, केसभर वर राहिली पाहिजे. तेवढी कानशीनं सपाट होते.

पटाशी धार लावूनच आणा, ही विनंती नाही! चष्मा आणि डबा ज्याचा त्यानं. (भरीत आणणाऱ्याला कोणी अडवणार नाही.)

नावं शुक्रवार संध्याकाळपर्यंत ग्रुपवर टाका, म्हणजे फळ्या त्या हिशोबानं कापून ठेवता येतील.