सिंह, जटा आणि तीन रंग : मित्रास पत्र

पुणे

प्रिय सदानंद,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतचे छपाईचे नमुने मिळाले. गोव्यातील हणजुणे आणि हरमलचे दुकानदार लाल, सोनेरी व हिरव्या पट्ट्यांचे, सिंहाचे आणि जटाधारी चेहऱ्यांचे टी-शर्ट मागतात म्हणून तू ते छापतोस. पण आपण काय छापतो आहोत हे एकदा नीट समजून घ्यावे असे तुला वाटले आणि तू मला विचारलेस, याचे मला मनापासून समाधान वाटले. ही चिन्हे ज्याची आहेत त्या, जमैकात उदयाला आलेल्या रास्ताफारी पंथाविषयी मी अनेक वर्षे आस्थेने वाचत आलो आहे, त्यामुळे उत्तर लांबणार, हे गृहीत धर.

आधी एक गोष्ट लक्षात घे. हा एका ग्रंथाने किंवा एका आचार्याने बांधलेला पंथ नाही. न्याबिंगी, बोबो अशांती आणि ट्वेल्व्ह ट्राइब्ज ऑफ इस्राएल हे त्यातील मोठे संप्रदाय असून त्यांच्या चालीरीती बऱ्याच वेगळ्या आहेत. मी पुढे जे अर्थ सांगतो आहे ते त्यांतील बहुतेकांना मान्य असलेले आहेत, एवढेच.

या साऱ्याचा आरंभ एका राज्याभिषेकापासून होतो. २ नोव्हेंबर १९३० रोजी आदिस अबाबा येथे रास ताफारी मकोन्नेन हे हैले सेलासी पहिले या नावाने इथिओपियाचे सम्राट झाले. राजांचा राजा, यहूदा वंशाचा विजयी सिंह ही तेथील सम्राटांची परंपरागत बिरुदे त्यांनी धारण केली, आणि या काळ्या राजाच्या सोहळ्याला इंग्लंडच्या राजाचा पुत्र हजर राहिला. ही बातमी अटलांटिकपलीकडे जमैकात पोहोचली, तेव्हा तेथील काळ्या लोकांना कायद्याने गुलामगिरीतून पूर्णपणे मुक्त होऊन ब्याण्णव वर्षे झाली होती. तरीही जमीन, न्यायासन आणि चर्चच्या भिंतीवरील देवाचा चेहरा हे सर्व गोऱ्यांचेच होते. लिओनार्ड हॉवेल, जोसेफ हिबर्ट, आर्चिबाल्ड डंकली अशा उपदेशकांनी त्याच चर्चमधले बायबल उघडले, प्रकटीकरणाच्या पाचव्या अध्यायातील यहूदा वंशाचा सिंह लोकांना वाचून दाखवला, आणि तो सिंह आज आफ्रिकेत सिंहासनावर बसलेला आहे, असे सांगितले. हॉवेल सम्राटाचे छायाचित्र एका शिलिंगला विकत आणि ते इथिओपियाला जाण्याचा परवाना आहे असे सांगत. १९३४ साली त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला आणि त्यांना दोन वर्षांची सजा झाली. म्हणजे या पंथाचे पहिले चिन्ह सिंह नव्हते आणि रंगही नव्हते. ते एका काळ्या राजाचे छायाचित्र होते, आणि ते सरकारला धोकादायक वाटले होते. राज्यकर्त्यांनीच हाती दिलेले पुस्तक घ्यायचे आणि त्यातून आपल्या सन्मानाचा पुरावा काढायचा, ही रीत तुला पुढच्या जवळजवळ प्रत्येक चिन्हात दिसेल, आणि माझ्या मते या पंथाचे खरे मोठेपण त्यातच आहे.

आता सिंह. इथिओपियाच्या राजघराण्याची श्रद्धा अशी होती की शलमोन राजा आणि शबाची राणी यांचा पुत्र मेनेलिक हा आपला मूळपुरुष होय. म्हणून यहूदाचा सिंह हे त्या घराण्याचे चिन्ह झाले आणि सम्राटाच्या काळातील ध्वजावर तो आला: डोक्यावर मुकुट, उजव्या पुढच्या पंजात ध्वजदंड आणि त्या दंडाच्या टोकाला क्रूस. तुझ्या नमुन्यातील सिंह जबडा वासून झेप घेतो आहे. तो सर्कशीच्या जाहिरातीत शोभेल. रास्तांचा, म्हणजे या पंथाच्या अनुयायांचा, सिंह चालतो, झडप घालत नाही. त्याचा आवेश शिकारीचा नसून राज्याधिकाराचा आहे, आणि ज्यांच्या पूर्वजांना बाजारात उभे करून विकले गेले त्यांनी हाच सिंह का निवडला असेल हे तुला वेगळे सांगायला नको.

रंगांच्या बाबतीत दोन प्रवाह एकत्र आले आहेत. हिरवा, पिवळा व लाल हे इथिओपियाच्या ध्वजाचे रंग होत. १८९६ साली अडवा येथे सम्राट दुसरे मेनेलिक यांच्या सैन्याने इटलीचा पराभव केला, तेव्हापासून जगभरच्या काळ्या लोकांच्या मनात या देशाला एक वेगळेच स्थान मिळाले. दुसरा प्रवाह मार्कस गार्वी यांचा. हे मूळचे जमैकाचे. त्यांच्या संघटनेने १९२० साली न्यू यॉर्कच्या अधिवेशनात लाल, काळा व हिरवा हे साऱ्या आफ्रिकी वंशाचे रंग म्हणून जाहीर केले. रास्तांकडे लाल म्हणजे सांडलेले रक्त, सोनेरी म्हणजे आफ्रिकेची लुटली गेलेली संपत्ती, हिरवा म्हणजे तेथील भूमी आणि वनस्पती, आणि जेथे काळा रंग जोडला जातो तेथे तो स्वतः लोकांचा रंग असतो. इथिओपियाच्या ध्वजात हिरवा वर असतो, रास्तांच्या वस्तूंवर बहुधा लाल वर दिसतो, म्हणून क्रमावरून तू फार चिंता करू नकोस. मात्र तुझ्या एका नमुन्यात हिरव्याच्या जागी निळा आला आहे, तो अवश्य बदल.

जटांविषयी मला अधिक लिहायचे आहे. बायबलमधील गणना या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात नाजीराच्या, म्हणजे देवाला वाहून घेतलेल्या माणसाच्या, व्रताचे वर्णन येते: व्रत चालू असेपर्यंत त्याच्या डोक्याला वस्तरा लागू नये. ज्याचे बळ केसांत होते त्या शमशोनाची कथा तुला ठाऊकच आहे. आरंभीचे पुष्कळ रास्ता केवळ दाढी राखत असत. जटांचा आग्रह वाढला तो प्रामुख्याने १९४९ च्या सुमारास किंग्स्टनमध्ये पुढे आलेल्या ‘यूथ ब्लॅक फेथ’ या तरुणांच्या गटापासून. गोऱ्यांच्या नजरेला जे केस विंचरण्याच्या लायकीचे वाटत नव्हते ते जसे उगवतात तसे वाढू द्यायचे, हाच त्यांचा नकार होता आणि हेच त्यांचे व्रत. आपल्याकडे काही जण छातीठोकपणे सांगतात की या जटा भारतीय साधूंकडून गेल्या. हिंदुस्थानी मजूर तेथे होते हे खरे. पण केनियात ब्रिटिशांविरुद्ध लढलेल्या माउ माउ लढवय्यांचे केस आणि बायबलमधील व्रत हे दाखलेही अभ्यासक तितक्याच गांभीर्याने मांडतात, त्यामुळे सगळे श्रेय आपल्याकडे ओढून घेणे मला प्रशस्त वाटत नाही.

या केसांसाठी त्या लोकांनी किती सोसले, हे वाचताना मी नेहमी अस्वस्थ होतो. एप्रिल १९६३ मध्ये माँटेगो बेजवळच्या कोरल गार्डन्स येथे एक हिंसक चकमक झाली. तिच्याशी काडीचाही संबंध नसलेल्या रास्तांना त्यानंतर पश्चिम जमैकात पकडून आणले गेले, मारहाण झाली, अनेकांच्या जटा जबरदस्तीने कापल्या गेल्या. देश स्वतंत्र होऊन तेव्हा एक वर्षही झाले नव्हते; हे परकीयांनी नव्हे, स्वकीयांच्या सरकारने केले. २०१७ साली पंतप्रधान अँड्र्यू होलनेस यांनी संसदेत त्याबद्दल क्षमा मागितली, तोवर चोपन्न वर्षे उलटली होती.

येथे मला आपल्याकडची जट आठवल्यावाचून राहत नाही. महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमाभागात मुलीच्या केसांत जट झाली की यल्लम्माचे बोलावणे आले असे मानून तिला देवीला सोडण्याची चाल होती, आणि आजही अनेक बायका भीतीपोटी ते ओझे डोक्यावर वागवतात. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या (अंनिस) कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन, समजूत घालून, त्या बाईच्या संमतीने जटा सोडवल्या, तेव्हा त्या कात्रीने तिला मोकळे केले. जमैकात त्याच कात्रीने माणसाचा अपमान केला. केस दोन्हीकडे सारखेच गुंतलेले. पण एकीकडे ते दुसऱ्यांनी तिच्यावर लादलेले असतात आणि दुसरीकडे त्याने स्वतः पत्करलेले असतात. रास्तांच्या जटा पाहून आपल्या माणसांना किळस किंवा हसू येते तेव्हा हा फरक त्यांना समजावून सांगावा असे मला फार वाटते.

गांजाच्या पानाविषयी मी थोडक्यात लिहितो, कारण बाजाराने त्याचेच अवडंबर केले आहे. १८४५ ते १९१७ या काळात सुमारे छत्तीस हजार हिंदुस्थानी मजूर करारावर जमैकात नेले गेले, त्यांतील बहुतेक संयुक्त प्रांत व बिहारकडचे होते. ही वनस्पती, तिचे नाव आणि चिलीम त्यांच्याबरोबर तेथे रुजली. रास्ता तिला चैनीची वस्तू मानत नाहीत. ‘रीझनिंग’ म्हणून जी बैठक होते तीत प्रार्थना करून चिलीम फिरवली जाते आणि मग धर्मग्रंथांवर, न्यायावर, आफ्रिकेवर तासन्‌तास चर्चा चालते. स्तोत्रसंहितेतील मनुष्याच्या उपयोगासाठी उगवणाऱ्या वनस्पतींची ओळ ते आधार म्हणून सांगतात. या पानापायी त्यांना पिढ्यान्‌पिढ्या तुरुंगात जावे लागले, आणि धार्मिक वापराला कायद्याची मान्यता मिळाली ती थेट २०१५ साली. गांजाचे पान आणि खाली विनोदी ओळ असा जो तुझा नमुना आहे तो तू काढून टाकावास, असे मी मित्र या नात्याने सांगतो.

त्याऐवजी ढोल छाप. न्याबिंगीच्या सभेत तीन ढोल असतात: गंभीर आवाजाचा मोठा बास, हृदयाच्या ठोक्यासारखी एकच लय धरून ठेवणारा फुंदे, आणि या दोघांवर मोकळेपणाने बोलणारा रिपीटर. न्याबिंगी हे नाव पूर्व आफ्रिकेतील वसाहतविरोधी चळवळीचे. इटलीने १९३५ साली इथिओपियावर आक्रमण केले त्या काळात ते जमैकात पोहोचले, आणि काळे असोत की गोरे, जुलूम करणाऱ्यांचा अंत होवो, हा अर्थ त्याला तेथे चिकटला. गुलामांच्या वंशजांनी जपलेल्या बुरू वादनातून काउंट ऑसी यांच्यासारख्या वादकांनी ही शैली घडवली, आणि पुढे जमैकाच्या रेगे संगीताच्या मुळाशी हीच लय गेली. जगाने गाणी उचलली, ढोल मात्र मागे राहिले, याची मला खंत वाटते.

बोबो अशांतींचा झाडूही असाच दुर्लक्षित राहिला आहे. हे लोक जटा फेट्यात बांधतात, बुल बे येथील टेकडीवर एकत्र राहतात आणि हाताने झाडू बांधून शहरात विकतात. तो त्यांच्या उदरनिर्वाहाचे साधन आहे आणि स्वच्छतेचे चिन्हही. गाडगेबाबांच्या मुलखातील माणसाला हे चिन्ह उमजायला वेळ लागू नये.

बाबेल आणि सियोन ही त्यांची दोन नावे तू गाण्यांत ऐकली असशील. यहूद्यांना कैद करून नेले ते बाबेल. रास्तांसाठी गुलामांची जहाजे, वसाहतीचे सरकार, पोलीस आणि माणसाला केवळ मजूर समजणारी सारी व्यवस्था म्हणजे बाबेल. सियोन म्हणजे इथिओपिया, आणि ती केवळ कल्पना राहिली नाही. सम्राटाने १९४८ साली शाशामाने येथे सुमारे दोनशे हेक्टर जमीन पाश्चात्त्य देशांतील काळ्या लोकांसाठी दिली, आणि जमैकातून काही कुटुंबे खरोखरच तेथे जाऊन राहिली.

तू पत्राच्या शेवटी विचारले आहेस की ज्या राजाला ते देव मानतात तो त्या योग्यतेचा होता काय. हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. हैले सेलासी स्वतः इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चचे निष्ठावान अनुयायी होते आणि आपण देव असल्याचे त्यांनी कधी म्हटले नाही. खुद्द गार्वी यांनी १९३७ साली त्यांच्यावर कठोर टीका केली. वोलो प्रांतातील दुष्काळात माणसे मेली आणि दरबाराने ते झाकले, हा आरोप इथिओपियातील लोक आजही करतात. हे सर्व मी मान्य करतो. परंतु २१ एप्रिल १९६६ रोजी सम्राट किंग्स्टनच्या विमानतळावर उतरले तेव्हा जमलेली गर्दी इतकी अनावर होती की मॉर्टिमर प्लॅनो या रास्ता ज्येष्ठांनी पुढे होऊन त्यांना वाट करून दिली, आणि ज्यांना शहराच्या रस्त्यावरून हाकलले जात असे ते जटाधारी त्या दिवशी राजाच्या स्वागताला सरकारी पाहुण्यांसोबत उभे राहिले. राजाच्या कारभाराचा हिशेब इथिओपियाच्या लोकांनी मागावा, तो त्यांचा हक्क आहे. पण त्याच्या प्रतिमेच्या आधाराने जमैकातील गरीब माणूस ताठ मानेने उभा राहिला, हे श्रेय त्या माणसाचे आहे आणि ते त्याच्याकडून कोणी काढून घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

सम्राटाची सत्ता उलथवणाऱ्या १९७४ च्या क्रांतीनंतर शाशामानेची बहुतेक जमीन सरकारजमा झाली. तरी काही कुटुंबे तेथेच राहिली. त्यांची मुले तेथेच जन्मली आणि कोणत्याच देशाचे कागदपत्र हाती नसताना वाढली. २०१७ साली इथिओपियाच्या सरकारने त्यांना ओळखपत्रे द्यायचे ठरवले. या वसाहतीविषयी माझ्याकडे जे काही लेखन जमले आहे ते पुढच्या टपालाने पाठवतो. ते वाचून तुझ्या मनात येतील ते प्रश्न मला कळव. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनिरुद्ध